फॅमिली डॉक्टर व्हायला परत तीन वर्षं? अमेरिकेतली फॅमिली मेडिसिन रेसिडेन्सी, सोप्या भाषेत

दर मार्चमधे आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कोणाच्या तरी मुलाचा नाहीतर मुलीचा फोटो येतो, हातात एक कागद, मागे फुगे आणि खाली "मॅच झाली!!". २०२३ मधे माझ्या भाचीचा असाच फोटो आला तेव्हा आमच्या आत्याने थेट विचारलं, "मुलगा काय करतो?" मग सगळ्यांनी मिळून समजावलं की आत्या, लग्नाची मॅच नाही, अमेरिकेत डॉक्टरांना पुढच्या ट्रेनिंगची जागा मिळते त्याला मॅच म्हणतात. बरं मग कशात मिळाली? फॅमिली मेडिसिन. ग्रुपवर पाच मिनिटं शांतता, आणि मग एका काकांचा मेसेज, "छान. आता पुढे स्पेशलायझेशन कशात करणार?"

भाची त्या मेसेजवर अजून हसते, पण खरं सांगायचं तर मलाही तेव्हा हेच वाटलं होतं. मी डॉक्टर नाही, बँकेत आयुष्य गेलं. आपल्या डोक्यात फॅमिली डॉक्टर म्हणजे नाक्यावरचा दवाखाना, लाकडी बाक, कंपाउंडरने खूण करून दिलेली लाल औषधाची बाटली. त्यासाठी एमबीबीएस झाल्यावर परीक्षा देत अमेरिकेला जायचं आणि वर तीन वर्षं एका अवाढव्य हॉस्पिटलात राबायचं, हे काही पटेना. गेली तीन वर्षं तिला फोनवर प्रश्न विचारून विचारून जे कळलं ते इथे लिहितोय.

## रेसिडेंट म्हणजे कोण

मार्डचा संप झाला की सरकारी हॉस्पिटलांच्या ओपीडी कोलमडतात ना, ते संपावर गेलेले डॉक्टर म्हणजे रेसिडेंट. डिग्री झालेली असते, पुढचं शिकत असतात आणि शिकता शिकता हॉस्पिटलही बरंचसं तेच चालवतात. नाव असं पडलं कारण हे लोक खरंच हॉस्पिटलमधे राहायचे, बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल १८८९ मधे उघडलं आणि तिथे विल्यम ऑस्लर ह्यांनी ही पद्धत रुळवली, आता राहत कोणी नाही पण नाव चिकटलं ते चिकटलं. अमेरिकेत नुसत्या डिग्रीवर प्रॅक्टिसचं लायसन मिळत नाही, रेसिडेन्सी लागतेच.

पूर्वी तिकडेही जनरल प्रॅक्टिशनर असायचे, एक वर्ष इंटर्नशिप केली की पाटी लावायची. दुसऱ्या महायुद्धानंतर स्पेशालिस्टांचं पीक आलं, जीपी कमी होत गेले आणि लोक तक्रार करायला लागले की हृदयाला एक डॉक्टर, गुडघ्याला दुसरा, पण आख्खा माणूस बघणारा कोणी उरलाच नाही. १९६६ मधे ह्यावर लागोपाठ अहवाल आले आणि १९६९ मधे फॅमिली प्रॅक्टिस ही तिथली विसावी स्पेशालिटी म्हणून मान्य झाली. म्हणजे काकांच्या प्रश्नाचं उत्तर असं, की हेच स्पेशलायझेशन आहे. आणि गंमत म्हणजे, एकदा स्पेशालिटीच्या बोर्डाची परीक्षा पास झालो की जन्मभराची चिंता मिटली हा प्रकार अमेरिकेत सगळ्यात आधी ह्याच लोकांनी बंद केला, पहिल्या दिवसापासून ठराविक वर्षांनी परत परीक्षा द्यायची अट घातली, आणि बाकीच्या स्पेशालिट्या नंतर त्या वाटेने आल्या.

## मॅच कशी लागते

अकरावीच्या ऑनलाइन ऍडमिशनला आपण कॉलेजांचा पसंतीक्रम भरतो तसंच, फरक इतकाच की इथे कॉलेजसुद्धा मुलांचा पसंतीक्रम भरतं. आधी अर्ज, मग मुलाखती, मग दोन्हीकडच्या याद्या कॉम्प्युटरला देतात. कॉम्प्युटर एकेका उमेदवाराला त्याच्या पहिल्या पसंतीच्या हॉस्पिटलकडे पाठवतो, जागा असेल तर हॉस्पिटल त्याला तात्पुरतं धरून ठेवतं, नंतर त्यांच्या यादीत जास्त वरचा कोणी आला तर आधीच्याला सोडतं आणि तो बिचारा आपल्या दुसऱ्या पसंतीकडे जातो. असं करत करत सगळी हलवाहलव थांबली की निकाल. तो दोघांनाही बांधील.

१९५२ पासून हे चालू आहे. ह्यामागच्या गणितासाठी आणि त्याच्या प्रत्यक्ष वापरासाठी लॉइड शॅप्ली आणि ऍल्विन रॉथ ह्यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, म्हणजे आपल्या वधूवर सूचक मंडळांनी जरा लक्ष घालायला हरकत नाही. मार्चमधल्या एका सोमवारी कळतं की जागा मिळाली की नाही, आणि कुठे ते कळतं शुक्रवारी. मधले चार दिवस आमच्या ताईने घरात कोणाला धड बोलू दिलं नव्हतं.

## हजारातला एक आणि उरलेले नऊशे नव्व्याण्णव

आता मूळ प्रश्नाकडे येतो. भाचीला मिळालं ते अकॅडमिक मेडिकल सेंटर, म्हणजे मेडिकल कॉलेज, त्याला जोडलेलं मोठं हॉस्पिटल आणि संशोधन असं सगळं एकत्र, आपलं केईएम आणि जीएस मेडिकल कॉलेज मिळून आहे साधारण तसं. अशा ठिकाणी अवयव बदलतात, दुर्मिळ कॅन्सर बघतात. तिथे सर्दीखोकला, बीपी, पाठदुखी कसली शिकवणार?

ह्या शंकेत दम आहे आणि त्याला आकडे आहेत. केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मधे एक साधा हिशोब मांडला. हजार प्रौढ माणसं घ्या, एका महिन्यात त्यातल्या साधारण ७५० जणांना काही ना काही दुखतंखुपतं. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण हॉस्पिटलात भरती होतात, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं आणि युनिव्हर्सिटीच्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत पोचतो तो १. चाळीस वर्षांनी, २००१ मधे, दुसऱ्या संशोधकांनी हाच हिशोब नव्याने केला तर तो १ सुद्धा पूर्ण भरेना, एकापेक्षा कमी आला.

म्हणजे डॉक्टर तयार होतात ते हजारातल्या एकाला बघून, आणि मग आयुष्यभर त्यांच्याकडे येतात ते त्या २५० मधले. नुसता ट्रेलर हायवेवर चालवायला शिकलेल्या माणसाला पुण्याच्या पेठांमधे रिक्षा चालवायला सोडल्यासारखं. ड्रायव्हिंग येतं हो, पण ती गल्लीच वेगळी.

म्हणून फॅमिली मेडिसिनवाल्यांचं सगळ्यात मोठं भांडण स्वतःच्याच मोठ्या बिल्डिंगशी असतं. त्यांचा खरा वर्ग भरतो तो हॉस्पिटलपासून जरा लांब, वस्तीतल्या क्लिनिकमधे. शहरातल्या गरीब वस्तीत सेंटर काढायचं, तिथल्याच लोकांना त्याच्या कारभारात घ्यायचं, ही कल्पना बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंट वस्तीत १९६५ मधे जॅक गायगर आणि काउंट गिब्सन ह्या दोन डॉक्टरांनी सुरू केली. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधे माँटेफिओर हॉस्पिटलने १९७० मधे सोशल मेडिसिनची, म्हणजे आजाराबरोबर माणसाची परिस्थितीही बघायला शिकवणारी, रेसिडेन्सीच काढली, ती आजही चालू आहे. २०१० च्या आरोग्य कायद्याने तर हॉस्पिटलऐवजी थेट वस्तीतल्या क्लिनिकला रेसिडेंट ठेवायला पैसे द्यायची सोय केली.

## मग तीन वर्षं करतात काय

सगळं. पहिल्या वर्षी वॉर्ड, आयसीयू, लेबर रूम, लहान मुलांचा वॉर्ड, इमर्जन्सी, महिन्या-महिन्याच्या पाळ्या. भाची पहिल्या वर्षी कधी बाळंतपणं करत होती तर कधी व्हेंटिलेटरवरच्या पेशंटपाशी उभी होती. पुढे पुढे कातडीचे, हाडांचे, मानसिक आजार, गुडघ्यात इंजेक्शन देणं, कॉपर-टी बसवणं, संशयास्पद तीळ कापून तपासायला पाठवणं.

पण ह्या सगळ्याला आडवा जाणारा एक धागा पहिल्या आठवड्यापासून असतो, तो म्हणजे स्वतःचं क्लिनिक. प्रत्येक रेसिडेंटच्या नावावर ठराविक पेशंट असतात, त्याला पॅनल म्हणतात, आणि तो रेसिडेंट वॉर्डात असो की आयसीयूत, आठवड्यातले काही अर्धे दिवस त्याला त्या पॅनलसाठी जावंच लागतं. आधी नियम होता की तीन वर्षांत १६५० पेशंट-भेटी झाल्या पाहिजेत. जुलै २०२३ पासून तो बदलून किमान १००० तास क्लिनिक असा झाला, भाचीची बॅच त्यातली पहिलीच. मोजणीचा फरक आहे असं वाटेल पण बँकेत टार्गेट नावाचा प्रकार बघितलेल्या माणसाला कळेल, डोकी मोजायला लागलं की डोकी उरकली जातात.

अजून एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी असते ती मला फार आवडली. रेसिडेंट गोल करून बसतात आणि एक जण अशा पेशंटबद्दल बोलतो ज्याचं नाव यादीत दिसलं तरी कपाळावर आठी येते. औषधावर चर्चा नाही, आठी का आली ह्यावर. मायकल बालिंट नावाच्या मूळच्या हंगेरियन मनोविश्लेषकांनी १९५० च्या दशकात लंडनमधल्या जीपींसाठी हे सुरू केलं म्हणून बालिंट ग्रुप. आम्हाला काउंटरवर बसायच्या काळात असं काही असतं तर!

## "ती जेवते कधी?"

हा भाचीचा दुसऱ्या वर्षाचा किस्सा, ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत.

केप व्हर्दे बेटांवरून आलेल्या एक बाई, पन्नाशीच्या, डायबेटिस. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी असते ना, एचबीएवनसी, ती दहाच्या वर. फाइलमधे मागच्या तीन भेटींत एकच वाक्य, गोळ्या नियमित घेत नाही. वेळ वीस मिनिटं, त्यात दुभाषी फोनच्या स्पीकरवर म्हणजे प्रत्येक वाक्य दोनदा, हातात राहिली दहा. बाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून गोळ्यांच्या डब्या काढून टेबलावर मांडल्या. एक डबी जवळजवळ भरलेली.

रेसिडेंट तपासून झाल्यावर मागच्या खोलीत जातो, तिथे सीनियर डॉक्टर बसलेले असतात, त्यांना प्रिसेप्टर म्हणतात, त्यांच्यापुढे केस मांडायची. भाचीने मांडली आणि म्हणाली, गोळ्यांनी भागत नाही, इन्सुलिन सुरू करूया. वॉर्डात महिनाभर हेच बघून आलेली. प्रिसेप्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ती जेवते कधी?"

भाचीला माहीत नव्हतं. परत आत गेली, परत दुभाष्याला फोन लावला. बाई रात्री ऑफिसं साफ करायच्या. सकाळी सातला घरी. डबीवर लिहिलेलं नाश्त्याआधी अर्धा तास, म्हणून सातला गोळी घ्यायच्या आणि झोपून जायच्या, उपाशी. साखर उतरायची, अकराच्या सुमाराला दरदरून घाम, हात थरथरतायत अशा जाग्या व्हायच्या. घरात एकट्या. दोनचारदा असं झाल्यावर घाबरून ती गोळीच बंद केली आणि डॉक्टर रागावतील म्हणून कोणाला बोलल्या नाहीत. त्यांचं पहिलं नीट जेवण संध्याकाळी पाचला, कामावर निघायच्या आधी.

डोस कमी करून गोळी पाचच्या जेवणाला जोडली. इन्सुलिन त्या दिवशी लिहिलंच नाही, पुढच्या तपासणीत आकडा बराच खाली आला. भाची मला म्हणाली, "मामा, मी त्या दिवशी इन्सुलिन दिलं असतं आणि ती सकाळी सातला टोचून झोपली असती तर?"

## शिकाऊ डॉक्टरकडे जायचं म्हणजे जीवाशी खेळ नाही का

वरच्या किस्स्यात अर्धं उत्तर आलंच. रेसिडेंटच्या मागे कायम एक पूर्ण शिकलेला डॉक्टर असतो. सरकारी विमा मेडिकेअरचा नियम असा की पहिले सहा महिने प्रिसेप्टरने पेशंट स्वतः बघायचा, त्यानंतर साध्या केसेसमधे नुसती चर्चा चालते, पण एका प्रिसेप्टरमागे एका वेळी जास्तीत जास्त चार रेसिडेंट आणि त्या वेळात त्याने दुसरं काही काम करायचं नाही. खाजगीतल्या अनुभवी डॉक्टरला असं मागच्या खोलीत जाऊन विचारायला कोणी नसतं.

थकव्याचा मुद्दा मात्र खरा आहे. १९८४ मधे न्यूयॉर्कमधे लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी हॉस्पिटलात भरती झाल्यावर काही तासांत गेली, तिला बघणारे रेसिडेंट लांबलचक ड्युटीवर होते आणि एकेकाच्या अंगावर खंडीभर पेशंट. तिच्या वडिलांनी ते प्रकरण लावून धरलं. १९८९ मधे न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली, देशभर ती यायला २००३ उजाडलं. आता ८० तास हीसुद्धा मर्यादा म्हणायची का, तर तुमची आमची नोकरी ४०-४५ तासांची, त्याच्या जवळपास दुप्पट. वर ते चार आठवड्यांच्या सरासरीने मोजतात, म्हणजे एखाद्या आठवड्यात ९० सुद्धा भरू शकतात. मला हे मुळीच पटत नाही. भाची म्हणते आधीच्यांना विचार.

## सगळ्यातलं थोडं थोडं, म्हणजे कशातच पक्कं नाही?

हे आमच्या काकांचं दुसरं वाक्य. छातीत ब्लॉक असेल तर मी कार्डिओलॉजिस्टकडेच जाणार, त्यात वाद नाही. पण छातीत दुखतंय ते ब्लॉकमुळे, ऍसिडिटीमुळे, की मुलाची नोकरी गेल्याच्या टेन्शनमुळे हे ठरवायचं कोणी? कार्डिओलॉजिस्टकडे गेलात तर तो हृदयच बघणार, त्याचा दोष नाही, त्याच्याकडे ते यंत्र आहे.

आणि एकाच डॉक्टरकडे वर्षानुवर्षं जाण्याचा फायदा मोजलेला आहे. नॉर्वेत प्रत्येकाच्या नावावर एक ठरलेला जीपी असतो, तिथल्या लाखो लोकांच्या नोंदी तपासल्या, २०२२ मधे ते छापून आलं. एकच जीपी १५ वर्षांहून जास्त असलेल्यांमधे, एकच वर्ष असलेल्यांच्या तुलनेत, तातडीने भरती व्हायचं प्रमाण २८ टक्क्यांनी आणि मृत्यूचं प्रमाण २५ टक्क्यांनी कमी. आता कोणी म्हणेल की मुळात धडधाकट, एका जागी स्थिर माणसंच डॉक्टर बदलत नाहीत, आणि ही शंका रास्त आहे, वय आणि आजार वगैरेचा हिशोब त्यांनी केलाय तरी अशा अभ्यासातून शंभर टक्के कारण सिद्ध होत नाही. पण डॉक्टरची ओळख जितकी जुनी तितका फरक मोठा, पायरीपायरीने वाढत जाणारा, हे नुसतं योगायोग म्हणून सोडवत नाही.

## इतकं चांगलं तर जागा रिकाम्या का राहतात

२०२५ च्या मॅचमधे फॅमिली मेडिसिनच्या ५ हजार ३०० हून जास्त जागा होत्या आणि दर शंभरातल्या साधारण १५ भरल्याच नाहीत. कारण सरळ आहे, पैसा. तिकडे मुलं लाखो डॉलरचं शिक्षणकर्ज घेऊन बाहेर पडतात आणि फॅमिली डॉक्टरची कमाई हाडाच्या नाहीतर हृदयाच्या डॉक्टरच्या जवळपासही नाही, कारण विमा कंपन्या चिरफाडीला आणि यंत्राला भरपूर देतात, "जेवते कधी" विचारायला फारसं देत नाहीत. दुसरं म्हणजे मान. हार्वर्ड, येलसारख्या मेडिकल स्कूलमधे वर्षानुवर्षं फॅमिली मेडिसिनचा स्वतंत्र विभागच नव्हता, मग मुलांना ते मोठं कसं वाटणार.

ह्या रिकाम्या जागेतूनच आपली मुलं आत जातात. इथे एमबीबीएस, मग तिकडच्या परीक्षा, मग मॅच, आणि बहुतेकांना जे-वन व्हिसा. त्याची अट अशी की ट्रेनिंग संपलं की दोन वर्षं मायदेशी परत. ती टाळायचा एक रस्ता म्हणजे डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी, कॉनराड नावाच्या सिनेटरच्या योजनेखाली प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० सवलती देता येतात. आपल्या ग्रामीण सेवेच्या बॉण्डचाच अमेरिकन भाऊ, फक्त ह्याला दंड भरून सुटता येत नाही. ही नोकरी एच-वन-बी व्हिसावर करायची असते, त्यात सप्टेंबर २०२५ मधे नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर फी जाहीर झाली, तेव्हापासून ग्रुपवर मॅचच्या फोटोपेक्षा व्हिसाचे फॉरवर्ड जास्त.

आपल्याकडे हे शिक्षण नाही असं नाही, फॅमिली मेडिसिनमधे तीन वर्षांचं डीएनबी आहे, काही ठिकाणी एमडीही आहे. पण एमबीबीएसनंतरच्या काउन्सेलिंगला बसलेल्या दहा मुलांना विचारा, रेडिओलॉजी आणि डर्माच्या खाली कुठेतरी त्याचं नाव येईल, आलं तर. ज्या शहरात प्रत्येक सोसायटीच्या गेटवर तीन पाट्या आहेत तिथे ही अवस्था.

## ३० जून

रेसिडेन्सीचं वर्ष जुलै ते जून. ह्या जूनअखेर भाचीचं संपतंय, आणि १ जुलैला नवीन इंटर्न येतील, त्यातल्या एकाच्या नावावर तिचं पॅनल जाईल. तीन वर्षं ओळख वाढवायची आणि मग आख्खं पॅनल नवख्याच्या हातात द्यायचं, ह्या पद्धतीतली ही सगळ्यात मोठी खोट आहे आणि ती कोणी नाकारत नाही. म्हणून जाणारा रेसिडेंट प्रत्येक पेशंटबद्दल दोन ओळी लिहून ठेवतो, रिपोर्टमधे जे सापडत नाही ते.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ती तेच लिहीत बसली होती, चहा गार झालेला. मी म्हटलं, त्या केप व्हर्देच्या बाईंचं काय लिहिलंस? तिने स्क्रीनकडे बघून वाचलं, "रात्रपाळी. पहिलं जेवण संध्याकाळी ५. गोळी तेव्हाच. अपॉइंटमेंट सकाळी ८ ची द्या, नंतर दिली तर झोप मोडून यावं लागतं."